भरलेली रॅम आणि अडकणारा फोन

नवा ४ जीबी रॅमचा अँड्रॉइड फोन घ्या, सिम घाला आणि एकही ॲप न उघडता सेटिंग्जमध्ये रॅमचा आकडा पाहा. अर्ध्याहून जास्त रॅम आधीच भरलेली दिसेल. पुष्कळांना इथेच धडकी भरते. मग कुणीतरी सांगितलेलं 'क्लीनर' ॲप टाकलं जातं, दर अर्ध्या तासाने सगळी ॲप्स बोटाने सरकवून बंद केली जातात. एवढं करूनही तासगावच्या बाजारात ऐन पैसे द्यायच्या वेळी यूपीआयचं ॲप पांढरा पडदा दाखवत बसतं, ते बसतंच.

भरलेली रॅम बघून घाबरायचं कारण नाही. फोनची ऑपरेटिंग सिस्टिम ती मुद्दाम भरते, कारण रिकामी पडलेली रॅम कुणाच्याच कामाची नसते. फोन अडकतो तो एकदा टाकून दिलेली गोष्ट पुन्हा आणावी लागते तेव्हा. ती कुठून आणायची आणि त्याला किती वेळ लागतो, यावर फोनचा वेग ठरतो. हे नीट कळलं की निम्मे 'उपाय' आपोआप गळून पडतात.

फोनमध्ये माहिती दोन ठिकाणी राहते. एक स्टोरेज, म्हणजे डब्यावर लिहिलेले ६४, १२८ किंवा २५६ जीबी. फोन बंद केला तरी तिथलं सगळं टिकतं. दुसरी रॅम. तिचा वीजपुरवठा तुटला की ती कोरी होते. प्रोसेसर काम करतो ते रॅममध्ये आलेल्या माहितीवरच. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची बोली लागते ती सौद्यासाठी ओतलेल्या ढिगावर. गोदामात कितीही पोती असली तरी ती बाहेर आणल्याशिवाय सौदा होत नाही. ॲपचंही तसंच आहे.

आता या दोघांच्या वेगातला फरक बघा. साध्या फोनमधली एलपीडीडीआर४एक्स जातीची रॅम सेकंदाला साधारण १७ जीबीपर्यंत माहिती हलवू शकते. स्वस्त फोनमधलं ईएमएमसी स्टोरेज सलग वाचताना सेकंदाला २५० ते ३०० एमबी देतं, तर त्याहून बरं यूएफएस स्टोरेज एक-दोन जीबी देतं. खरी दरी मात्र थांबण्याच्या वेळेत आहे. रॅममधून एखादा तुकडा मिळायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग लागतो, स्टोरेजमधून तोच तुकडा यायला त्याच्या हजारपट वेळ. एखादं ॲप उघडताना असे हजारो तुकडे लागतात, आणि तेही सलग नाही, इकडचे-तिकडचे. बोटाखाली फोन 'जड' वाटतो तो या वाट पाहण्यामुळे.

४ जीबी जातात कुठे

पहिला वाटा तुमच्या हिशेबात येतच नाही. मोडेम (मोबाइल नेटवर्कशी बोलणारा भाग), कॅमेरा, व्हिडिओ आणि बोटांचे ठसे सांभाळणारा सुरक्षित भाग यांच्यासाठी फोन सुरू होतानाच काही शे एमबी राखून ठेवले जातात. त्यामुळे ४ जीबीच्या फोनमध्ये प्रत्यक्ष वापराला उरतात साधारण ३.६ ते ३.७ जीबी. दुकानदाराने फसवलं असं समजू नका, सगळ्याच फोनमध्ये हे होतं.

मग येते कायम जागी असणारी मंडळी. अँड्रॉइडच्या तळाशी असलेला लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), मूळ सेवा चालवणारा सिस्टिम सर्व्हर, वरची नोटिफिकेशनची पट्टी दाखवणारा सिस्टिम यूआय, होम स्क्रीन दाखवणारा लाँचर, कीबोर्ड आणि गुगल प्ले सर्व्हिसेस. यातलं काही बंद करायच्या भानगडीत पडू नये. त्यावर फोन बनवणारी कंपनी स्वतःची गॅलरी, थीम, सुचवण्या दाखवणारी सेवा असं आणखी काही टाकते. त्यातलं थोडं मात्र काढता येतं.

तिसरा वाटा मोठा आणि सर्वांत गैरसमजाचा: कॅशे. एकदा स्टोरेजमधून वाचलेली फाइल कर्नल रॅममध्ये ठेवून देतो. न जाणो, पुन्हा लागेल. लागली तर क्षणात मिळते. नाही लागली आणि दुसऱ्या कुणाला जागा हवी असली तर ती जागा लगेच देऊन टाकता येते. म्हणून कर्नल दोन वेगळे आकडे ठेवतो. 'मेमफ्री' म्हणजे खरोखर कोरी रॅम आणि 'मेमअव्हेलेबल' म्हणजे मागितली तर फारसा त्रास न होता देता येईल अशी रॅम. पहिला आकडा १५० एमबी आणि दुसरा एक जीबीच्या वर, असा फोन अगदी ठणठणीत असतो. घाबरवणारी ॲप्स नेमका पहिला आकडा मोठ्या लाल अक्षरात दाखवतात.

रॅमचे चार-चार केबीचे तुकडे

ऑपरेटिंग सिस्टिम रॅमचा हिशेब पेजमध्ये करते. अँड्रॉइडमध्ये वर्षानुवर्षं एक पेज म्हणजे ४ केबी. या मापाने ४ जीबीची १०,४८,५७६ पेजेस होतात. कुठलं पेज कुणाचं, कधी वापरलं, परत घेता येईल का, ही सगळी नोंद कर्नल ठेवतो.

ॲपला रॅमचा खरा पत्ता कधीच कळत नाही. त्याला मिळतो तो आभासी पत्ता, आणि आभासी पत्त्याचा खऱ्या पत्त्याशी मेळ घालणारा तक्ता कर्नलच्या ताब्यात असतो. प्रोसेसरमधला एक भाग प्रत्येक वेळी हा तक्ता बघूनच पुढे जातो. यामुळे दोन गोष्टी साधतात. एक, टॉर्चच्या ॲपला बँकेच्या ॲपची रॅम वाचता येत नाही. त्याच्या तक्त्यात ती पेजेस नसतातच. दुसरं, ॲपने ५० एमबी मागितले तरी कर्नल फक्त 'दिले' म्हणतो. खरं पेज हातात पडतं ते ॲप त्या जागेला पहिल्यांदा हात लावतं तेव्हा. म्हणून ॲपने मागितलेली रॅम आणि व्यापलेली रॅम यांत बराच फरक असतो.

अँड्रॉइडने यात एक फार हुशारीची गोष्ट केली आहे. फोन सुरू होताना 'झायगोट' नावाची एक प्रक्रिया (प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) तयार होते आणि सगळ्या ॲप्सना लागणारी सामायिक सामग्री ती आधीच रॅममध्ये आणून ठेवते. तुम्ही ॲप उघडलं की झायगोटची नक्कल होते आणि त्या नकलेत ॲप चालू होतं. नक्कल म्हणजे सगळं दुसऱ्यांदा लिहून काढणं नव्हे. दोघंही तीच पेजेस वापरतात, आणि कुणी एखाद्या पेजात बदल करायला गेलं तर तेवढ्याच पेजाची वेगळी प्रत होते. त्यामुळे तीस ॲप्स चालू असली तरी सामायिक भाग रॅममध्ये एकदाच असतो. प्रत्येक ॲपने व्यापलेली सगळी पेजेस मोजून बेरीज केली तर ती फोनच्या रॅमपेक्षा जास्त भरेल. म्हणून अँड्रॉइडचा नेमका हिशेब सामायिक पेजेस वाटून घेणाऱ्यांमध्ये विभागून लावला जातो.

पेजच्या आकाराबद्दल जाता जाता: आयफोनमध्ये पेज १६ केबीचं असतं, आणि अँड्रॉइड १५ पासून अँड्रॉइडनेही १६ केबी पेजची सोय केली. हिशेबाच्या नोंदी कमी होतात आणि ॲप लवकर उघडतं, बदल्यात रॅम थोडी जास्त लागते. अँड्रॉइड १५ आणि पुढच्या आवृत्त्यांसाठी बनवलेल्या ॲप्सना हा आकार चालला पाहिजे, अशी अट गुगल प्लेने १ नोव्हेंबर २०२५ पासून घातली.

आता सगळ्यांत महत्त्वाचा फरक. पेज दोन तऱ्हेचं असतं. पहिल्या तऱ्हेच्या पेजाची जशीच्या तशी प्रत स्टोरेजमध्ये असते, उदाहरणार्थ ॲपचा स्वतःचा कोड. असं पेज टाकून दिलं तरी काही बिघडत नाही, लागेल तेव्हा पुन्हा वाचता येतं. दुसऱ्या तऱ्हेचं पेज ॲपने चालता चालता तयार केलेलं असतं: तुम्ही अर्धवट भरलेला फॉर्म, उघडलेल्या फोटोचे बिंदू, स्क्रोल करत आणलेली यादी. त्याची प्रत दुसरीकडे कुठेही नाही. ते टाकलं की गेलं. रॅम कमी पडल्यावर फोन जे जे करतो, त्यामागे हा फरक आहे.

रॅम कमी पडली की काय होतं

मोकळी पेजेस ठरावीक पातळीच्या खाली गेली की कर्नलमधला 'केस्वॅपडी' नावाचा कामगार जागा होतो. तो आधी पहिल्या तऱ्हेची, बराच वेळ कुणी न वापरलेली पेजेस टाकून देतो. तेवढ्याने भागत नसेल तर दुसऱ्या तऱ्हेची पेजेस दाबून ठेवतो. याला झेडरॅम म्हणतात. रॅमचाच एक भाग राखून त्यात पेजेस आकुंचित करून ठेवायची. माहिती तीन पटीने दाबली गेली तर १५० एमबी मजकूर ५० एमबीत बसतो आणि १०० एमबी सुटतात. ॲपने ती पेजेस मागितली की ती पुन्हा उलगडायची. स्टोरेजपर्यंत जाण्यापेक्षा हे कितीतरी जलद होतं, पण दाबायला आणि उलगडायला प्रोसेसर राबतो, बॅटरी जाते. आधीच दाबून लहान केलेल्या गोष्टी, जसे फोटो आणि व्हिडिओ, यात आणखी दबत नाहीत.

एवढ्यानेही भागलं नाही की मग कुणालातरी घालवावं लागतं. हे काम 'लो मेमरी किलर' करतो. पूर्वी तो कर्नलच्या आत होता. अँड्रॉइड ९ पासून हे काम कर्नलबाहेरची स्वतंत्र सेवा करते. अँड्रॉइड १० पासून ती मोकळी रॅम किती एवढंच बघत नाही, रॅमची वाट बघण्यात कामं किती वेळ अडकून पडली हेही मोजते. हे जास्त शहाणपणाचं आहे, कारण वापरणाऱ्याला त्रास होतो तो अडकण्याचा.

घालवायचं कुणाला, ते गुणांवर ठरतं. प्रत्येक प्रक्रियेला उणे १००० ते १००० यांतला एक आकडा दिलेला असतो. आकडा जितका मोठा तितका जाण्याचा धोका मोठा. तुमच्यासमोर उघडं असलेलं ॲप: ०. समोर नसलं तरी पडद्यावर दिसणारं: १००. गाणं वाजवणारं, म्हणजे दिसत नसलं तरी गेलं तर लगेच कळेल असं: २००. लाँचर: ६००. तुम्ही आत्ताच ज्यातून बाहेर पडलात ते: ७००. आणि कधीतरी उघडून सोडून दिलेली, नुसती ठेवलेली ॲप्स: ९०० ते ९९९. कापाकापी या शेवटच्या टोकापासून सुरू होते. फोनचे स्वतःचे भाग उणे आकड्यांवर असतात, त्यांना सहसा हात लागत नाही.

म्हणजे 'रीसेंट'च्या यादीत दिसणारी बहुतेक ॲप्स नुसती ठेवलेली असतात. नव्या अँड्रॉइडमध्ये तर त्यांना गोठवून ठेवतात. रॅम अडवतात, पण प्रोसेसरचा एक क्षणही वापरत नाहीत. रॅम हवी झाली की पहिला नंबर त्यांचाच.

फॉर्म भरताना फोटो काढला आणि फॉर्म कोरा झाला

हा अनुभव ३-४ जीबीच्या फोनवर फार जणांना येतो, म्हणून आत काय घडतं ते नीट बघू. ई-पीक पाहणीत बांधावर उभं राहून पिकाचा फोटो द्यावा लागतो. बँकेच्या केवायसीत आधारचा फोटो, विम्याच्या अर्जात नुकसानीचा. ॲप कुठलंही असो, क्रम तोच: फॉर्म भरा, कॅमेऱ्याचं बटण दाबा, फोटो काढा, परत या.

कॅमेऱ्याचं बटण दाबलं की, फोनचा मूळ कॅमेरा उघडत असेल तर, फॉर्मचं ॲप मागे जातं. त्याचा आकडा ० वरून वर चढतो. कॅमेरा पुढे येतो आणि रॅमची मोठी मागणी करतो. किती मोठी? १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० बिंदू. फाइल चार-पाच एमबीची दिसते, पण ती दाबलेली असते. पडद्यावर दाखवायला फोटो उलगडावा लागतो आणि प्रत्येक बिंदूला ४ बाइट लागतात. म्हणजे ४८ एमबी. ५० मेगापिक्सेलवर काढला तर २०० एमबी, १०८ वर काढला तर ४३२ एमबी. शिवाय आताचे कॅमेरे एका दाबात अनेक कच्च्या फ्रेम घेऊन त्यांची मिळून एक प्रतिमा करतात. ३ जीबीच्या फोनवर एवढी जागा करायची तर मागची ॲप्स जाणारच, आणि वेळ आली तर त्यात फॉर्मचं ॲपही जातं.

तुम्ही 'ओके' करून परतता, तेव्हा अँड्रॉइड ते ॲप नव्याने सुरू करतं. जाताना ॲपला 'तुझी अवस्था जपून ठेव' असा निरोप दिलेला असतो. ॲप बनवणाऱ्याने तिथे भरलेले रकाने जपले असतील तर फॉर्म जसाच्या तसा दिसतो. नसतील जपले तर कोरा. ओटीपी बघायला मेसेजमध्ये जाऊन परत आल्यावर पहिल्या पानावर फेकलं जाणं, हीही त्याचीच बहीण. (बँकेची काही ॲप्स सुरक्षिततेसाठी मुद्दाम असं करतात, तो भाग वेगळा.)

यावर करण्यासारखं बरंच आहे. फॉर्म भरण्याआधी व्हिडिओ, गेम आणि ब्राउझरच्या पंधरा टॅब बंद करा. एरवी ॲप्स बंद करू नका म्हणतो, पण इथे खरोखर उपयोग होतो. कॅमेऱ्यात ५० किंवा १०८ मेगापिक्सेलचा पर्याय बंद ठेवून १२ वर या. ॲपमध्ये 'गॅलरीतून निवडा' असेल तर फोटो आधीच काढून ठेवा. जागेवरूनच, ॲपच्याच कॅमेऱ्याने फोटो मागणाऱ्या ॲपमध्ये हा मार्ग नसतो. ओटीपी नोटिफिकेशनच्या पट्टीतूनच वाचा, मेसेजचं ॲप उघडू नका.

चांगलं ॲप फोटो दाखवताना पडद्याला लागेल तेवढाच उलगडतं. दोन्ही बाजूंनी चौथा हिस्सा घेतला तर ४००० गुणिले ३००० चा फोटो १००० गुणिले ७५० चा होतो आणि ४८ ऐवजी ३ एमबीत भागतं. डोळ्यांना फरक कळत नाही. हे न करणारं ॲप यादीत वीस फोटो दाखवायला गेलं की सरळ कोसळतं. तेव्हा 'फोन खराब आहे' म्हणण्याआधी दुसरी ॲप्स कशी चालतात ते बघावं.

आयफोनमध्ये

तत्त्व तेच, शिस्त कडक. ॲप मागे गेलं की काही सेकंदांत त्याचं काम थांबवलं जातं. गाणी, रस्ता दाखवणं, कॉल अशा मोजक्या कामांनाच सूट. रॅम कमी पडली तर पेजेस दाबून ठेवली जातात, ॲपला इशारा दिला जातो आणि नाही ऐकलं तर 'जेटसॅम' नावाची यंत्रणा ते बंद करते. एकट्या ॲपने किती रॅम खावी यालाही मर्यादा आहे. आयफोन ११ आणि १२ हे ४ जीबी रॅमवर बरीच वर्षं नीट चालले, त्यामागे ही शिस्त आहे. ॲपलच्या प्रोग्रामिंग भाषांमध्ये नको झालेली मेमरी लगेच सोडली जाते, तर अँड्रॉइडच्या जावा आणि कोटलिनमध्ये ती 'कचरा गोळा करणारा' (गार्बेज कलेक्टर) येईपर्यंत पडून राहते, याचाही वाटा आहे. आयफोनवर ॲप वारंवार आपोआप बंद होत असेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग ॲनालिटिक्स अँड इम्प्रूव्हमेंट्स, मग ॲनालिटिक्स डेटा इथे जा. 'जेटसॅमइव्हेंट' नावाने सुरू होणाऱ्या नोंदी असतील तर कारण बहुधा रॅमच आहे.

सरकवून बंद करणं, क्लीनर आणि फोर्स स्टॉप

ठेवलेलं ॲप परत समोर आणायला सेकंदाचा अंश लागतो. बंद केलेलं ॲप उघडायला नवी प्रक्रिया, स्टोरेजमधून कोड वाचणं, सर्व्हरशी नव्याने बोलणं, हे सगळं लागतं. दिवसातून चाळीस वेळा व्हॉट्सॲप सरकवून बंद करणारा माणूस बॅटरी वाचवत नसतो, चाळीस वेळा जास्तीचा खर्च करत असतो. आयफोनवर असं केल्याने बॅटरी वाचते का, या प्रश्नावर ॲपलच्या सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडरिगी यांनी २०१६ मध्ये स्पष्ट 'नाही' असंच उत्तर दिलं होतं. ॲप अडकलं असेल, प्रतिसाद देत नसेल, तर जरूर बंद करावं.

क्लीनर ॲप स्वतः मागे चालू राहतं, स्वतः रॅम खातं आणि ९०० च्या पुढच्या, आधीच निरुपद्रवी असलेल्या ॲप्सना घालवतं. त्यातली काही दोन मिनिटांत परत उभी राहतात, कारण त्यांना काम असतं. मग पुन्हा घालवा. 'एक जीबी मोकळी केली' हा आकडा खरा असतो, फायदा नसतो. असलं ॲप काढून टाकणं हीच पहिली सफाई.

सेटिंग्जमध्ये ॲपच्या पानावर असलेलं फोर्स स्टॉप हे आणखी पुढचं पाऊल आहे. ॲप पुन्हा हाताने उघडेपर्यंत त्याला नोटिफिकेशन येत नाही, गजर वाजत नाही. काही कंपन्यांच्या फोनमध्ये यादीतून सरकवलेलं ॲपही जवळपास असंच बंद पडतं. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे चढत असताना ज्या ॲपवर किंवा ग्रुपवर निरोप येणार आहे, ते असं बंद करून झोपू नये. अशा मोजक्या ॲप्ससाठी सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, बॅटरी इथे जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. सगळ्यांना ही सूट दिली तर तिचा अर्थच उरत नाही.

डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या, एरवी लपवलेल्या सेटिंग्जमध्ये) 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' आणि 'बॅकग्राउंड प्रोसेस लिमिट' असे दोन पर्याय आहेत. फोन वेगवान करायचा म्हणून ते चालू करायला सांगणारे व्हिडिओ फिरत असतात. पहिला पर्याय ॲप बनवणाऱ्यांच्या चाचणीसाठी आहे. तो चालू केला की मागे गेलेला प्रत्येक पडदा लगेच मोडला जातो, म्हणजे वर सांगितलेला कोऱ्या फॉर्मचा त्रास ८ जीबीच्या फोनवरही सुरू होतो. दोन्ही मूळ स्थितीत ठेवा.

८ + ८ = १६?

डब्यावर '१६ जीबीपर्यंत रॅम' लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ८ + ८. यातले मागचे ८ जीबी स्टोरेजमधून घेतलेले असतात. त्याला रॅम प्लस, मेमरी एक्स्टेन्शन, एक्स्टेंडेड रॅम अशी वेगवेगळी नावं आहेत. बराच वेळ न लागलेली पेजेस स्टोरेजवर नेऊन ठेवायची, एवढाच त्याचा उपयोग. थांबण्याच्या वेळेतली हजारपट दरी मघाशी पाहिली, ती इथे लागू होते. शिवाय फोनमध्ये असतं तशा फ्लॅश स्टोरेजवर ठरावीक वेळाच लिहिता येतं, त्यातला काही भाग यात खर्ची पडतो.

८ जीबी खरी रॅम असेल तर हे बंदच ठेवा, काही अडत नाही. ४ जीबीच्या फोनवर यूएफएस स्टोरेज असेल आणि जागा मोकळी असेल तर २ जीबी चालू ठेवून बघा. दोन ॲप्समध्ये ये-जा करताना जुनं ॲप टिकून राहण्याची शक्यता थोडी वाढते. ईएमएमसी स्टोरेजवर मात्र उलट झटके बसू लागतात. बदल केल्यावर फोन रीस्टार्ट करावा लागतो, आणि निकाल दोन दिवस वापरूनच ठरवावा. दुकानात विचारायचा प्रश्न एकच: खरी रॅम किती आणि स्टोरेज ईएमएमसी का यूएफएस?

स्टोरेज भरलं की रॅम शिल्लक असूनही फोन रखडतो

'हँग' होणाऱ्या जुन्या फोनमध्ये हे कारण पुष्कळदा निघतं. फ्लॅश स्टोरेजवर लिहिलेल्या जागी वरून पुन्हा लिहिता येत नाही. आधी तो भाग पुसावा लागतो, आणि पुसता येतो तो मोठा ठोकळाच. ठोकळ्यात कामाची माहिती असेल तर ती आधी दुसऱ्या ठोकळ्यात हलवायची, मग पुसायचं, मग लिहायचं. मोकळे ठोकळे भरपूर असतील तर हे तुमच्या नकळत उरकतं. ६४ जीबीत १ जीबी शिल्लक असेल तर प्रत्येक छोट्या लिखाणासाठी ही सगळी हलवाहलव तुमच्यासमोर होते. व्हॉट्सॲपवर आलेला साधा मेसेजही डेटाबेसमध्ये लिहावाच लागतो, तिथेच कीबोर्ड अडखळतो.

म्हणून १० ते १५ टक्के जागा कायम मोकळी ठेवा. ६४ जीबीच्या फोनमध्ये ७ ते १० जीबी. पुसलेल्या फाइलींची जागा खरोखर वापरण्याजोगी करण्याचं काम अँड्रॉइड फोन रिकामा बसलेला आणि चार्जिंगला असताना करतो. एकदम २० जीबी पुसून पाच मिनिटांत 'काही फरक नाही' म्हणू नका. रात्रभर चार्जिंगला लावा आणि सकाळी बघा.

सुरुवात व्हॉट्सॲपपासून करा. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेले व्हिडिओ वेगळे काढलेले दिसतात. लग्नसराई आणि गणपतीनंतर ही यादी बघितलीच पाहिजे. मग मीडिया ऑटो-डाउनलोडमधून व्हिडिओची खूण काढा. गॅलरीत पुसलेले फोटो 'बिन' किंवा 'ट्रॅश'मध्ये महिनाभर पडून राहतात, तोही रिकामा करा.

ॲपच्या स्टोरेज पानावर दोन बटणं शेजारी असतात. 'क्लिअर कॅशे' दाबलं तर तात्पुरत्या फाइली जातात, ॲप त्या पुन्हा बनवतं. 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' दाबलं तर ॲप नव्यासारखं कोरं होतं: यूपीआयची नोंदणी पुन्हा, लॉगिन पुन्हा, आणि बॅकअप नसेल तर व्हॉट्सॲपच्या गप्पा कायमच्या गेल्या. घाईत बोट चुकतं, म्हणून बटणावरचं नाव वाचून दाबा.

मेमरी कार्डाने रॅम वाढत नाही. अँड्रॉइड ६ पासून कार्ड अंतर्गत स्टोरेजसारखं जोडायची सोय आली, पण कार्ड मंद असेल तर त्यावरची ॲप्सही मंद चालतात. ॲप्स ठेवायचीच असतील तर कार्डावर ए१ किंवा ए२ ही खूण बघा. ए१ कार्ड सेकंदाला किमान १५०० छोटी वाचनं आणि ५०० लेखनं देतं, ए२ ४००० आणि २०००. नुसतं 'क्लास १०' हे सलग लिहिण्याचं माप आहे, ॲप्सना त्याचा उपयोग नाही. फोटो, गाणी आणि व्हिडिओ कार्डावर, ॲप्स फोनमध्ये, हेच बरं.

रॅम कोण खातंय ते बघायचं कसं

सेटिंग्जमध्ये अबाउट फोन उघडा आणि बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवा. काही फोनमध्ये बिल्ड नंबरऐवजी कंपनीच्या आवृत्तीच्या ओळीवर टेकवावं लागतं. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे 'मेमरी' आणि 'रनिंग सर्व्हिसेस' बघा. काही नव्या फोनवर मेमरीची मोजणी आधी चालू करून रीस्टार्ट करावं लागतं. शक्यतो शेवटच्या तीन तासांऐवजी एका दिवसाचा सरासरी वापर बघा. अँड्रॉइड सिस्टिम आणि प्ले सर्व्हिसेस वर असणारच, ते सोडून द्या. तुम्ही महिन्यातून एकदा वापरता असं खरेदीचं किंवा बातम्यांचं ॲप 'रनिंग सर्व्हिसेस'मध्ये दिवसभर दिसत असेल, तर ते काढून टाका आणि तेच काम ब्राउझरमध्ये करा. काढता येत नसेल तर 'डिसेबल' करा. बघून झालं की डेव्हलपर ऑप्शन्स बंद करून टाका. काही बँकांची ॲप्स ते चालू असताना कुरकुर करतात.

फोन आठ-दहा दिवसांतून एकदा रीस्टार्ट करणं उपयोगाचं आहे. सतत चालणाऱ्या एखाद्या सेवेत मेमरी घेऊन परत न करण्याचा दोष असेल तर ती साठत जाते, रीस्टार्टने सुटते. रीस्टार्टनंतरची पहिली काही मिनिटं फोन मंद वाटतो, कारण कॅशे कोरी असते. मोठं सिस्टिम अपडेट झाल्यावर तर एखादा दिवस मंद जाऊ शकतो; ॲप्सचा कोड नव्याने तयार करून ठेवायचं काम फोन रिकामा आणि चार्जिंगला असतानाच हातात घेतो. त्या दिवशी फॅक्टरी रीसेट करायची घाई करू नका.

नवा फोन घेणार असाल तर ४ जीबी खरी रॅम ही कॉल, व्हॉट्सॲप आणि यूपीआय एवढ्यापुरती ठीक. फॉर्म, फोटो, बँक आणि नकाशा अशी ये-जा करायची असेल तर ६ जीबीच्या खाली जाऊ नये, आणि चार-पाच वर्षं तोच फोन चालवायचा असेल तर ८ जीबी घ्यावी. रॅम नंतर वाढवता येत नाही, ती बोर्डावर जोडलेली असते. ८ जीबी व ईएमएमसी आणि ६ जीबी व यूएफएस असे दोन फोन एकाच किमतीत समोर आले, तर दुसरा घ्या.